तीस सेकंदांचं कोडं

टीव्हीवर शब्दांचं कोडं लागलं की आमच्या घरात कुणी गप्प बसत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वाती वळायच्या थांबतात. मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढतो. बातम्या लावा म्हणून मागे लागलेले हे रिमोट खाली ठेवतात आणि मी कणीक झाकून बाहेरच्या खोलीत येते. पडद्यावरच्या स्पर्धकाला उत्तर येतं की नाही, याच्याशी आम्हाला फारसं कर्तव्य नसतं. त्याच्याआधी आपल्यातलं कोण बोलतं, एवढंच बघायचं असतं. हे साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका घरातलं सांगतेय, पण सांगलीला माहेरी गेले तरी तिथेही हाच आरडाओरडा.

मी हायस्कूलवर मराठी शिकवते. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत आळीतली मंडळं, महिला मंडळं आणि अलीकडे एक स्थानिक केबल चॅनेल, सगळ्यांना 'मॅडम, शब्दकोड्यांची एक फेरी काढून द्या' म्हणायला मीच सापडते. हे काम मला मनापासून आवडतं. पण दरवर्षी वाद ठरलेला. कोडी अवघड किती काढायची? आमच्या शाळेतले एक सर म्हणतात, टीव्हीवरची कोडी बालवाडीच्या पातळीला आली, भाषेची काही इभ्रतच राहिली नाही. चॅनेलवाले म्हणतात, सोपीच काढा, लोक लगेच दुसरीकडे जातात. दोघांनाही मला काही सांगायचं असतं आणि ते चहाच्या कपावर सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं म्हणणं आधीच मांडते. उत्तराचा शब्द घराघरातला असावा, त्याच्यापर्यंत जायची वाट मात्र आडवळणाची असावी. उत्तर कळल्यावर बघणाऱ्याच्या तोंडून 'अरे, हे तर मला यायला हवं होतं' असं निघालं पाहिजे. 'असला शब्द असतो होय?' असं निघालं, तर कोडं काढणाऱ्याचं गणित चुकलं. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सकाळी अर्धं सोडवून, घडी करून, दुपारी पुन्हा हातात घेता येतं. टीव्हीवर हातात तीस सेकंद असतात आणि शेजारी चार माणसं बसलेली असतात. या दोन गोष्टींनी सगळा हिशेब बदलतो.

हा हिशेब मी पुस्तकातून शिकले नाही, आत्याबाईंकडून शिकले. त्यांचं माहेर वाळवा तालुक्यातलं. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण कोडी घालायला बसल्या की आमच्या स्टाफरूमला ऐकणार नाहीत. 'कोकणातनं आली सखी, तिला मारली बुक्की, तिच्या घरभर लेकी.' लसूण. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.' दात आणि जीभ. 'सुपभर लाह्या, त्यात एक रुपया.' चांदण्या आणि चंद्र. या सगळ्या कोड्यांची उत्तरं बघा. एक फडताळावर आहे, एक तोंडात आहे, एक अंगणात उभं राहून मान वर केली की दिसतं. उत्तर कुणालाच नवं नाही. बुक्की मारल्यावर घरभर होणाऱ्या लेकींवरून लसणीच्या पाकळ्यांपर्यंत पोचायचं, हे अवघड. लसूण सोलणाऱ्या बाईला ते एकदा कळलं की पुढे कायम लक्षात राहतं, कारण रोज संध्याकाळी ती तेच करत असते.

आत्याबाई लहान होत्या तेव्हा त्यांच्या गावच्या जत्रेत रात्रभर भेदिकाचा सामना रंगायचा. एका बाजूला शक्तीला थोर मानणारे कलगीवाले, दुसऱ्या बाजूला शिवाला थोर मानणारे तुरेवाले. एकाने डफावर थाप मारून कवनातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने कवनातूनच जबाब द्यायचा. पठ्ठे बापूराव याच तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे, 1866 चा जन्म. त्यांचं नाव लावणीसाठी घेतलं जातं, पण भेदिक रचनाही त्यांनी केल्या. या सवालांत पुराणातली चांगलीच आडवळणं असायची. कोण कुणाचा कोण, कुठल्या शापाने काय झालं, असं काहीबाही. पण कीर्तनं ऐकून आणि पोथ्या ऐकून ती सगळी मंडळी गावाच्या ओळखीची झालेली असत. त्यामुळे सवाल कितीही गुंतागुंतीचा असला तरी जबाब आला की देवळामागच्या कट्ट्यावर बसलेल्या बायकासुद्धा माना डोलवायच्या. 'आमाला जबाब आदीच ठावं असायचा,' आत्याबाई अजूनही सांगतात, 'पर आमाला इचारतंय कोन!'

टीव्हीने त्यांना विचारलं, असं मला वाटतं. निदान उत्तर मोठ्याने सांगायची सोय तरी केली. 3 जुलै 2000 ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा रात्री नऊला रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. त्या खेळाची बांधणी नीट बघण्यासारखी आहे. तेव्हा पंधरा प्रश्न असायचे. पहिला 1,000 रुपयांचा, शेवटचा 1 कोटीचा. पहिल्या दोन-तीन प्रश्नांत म्हण पूर्ण करा, जोडशब्द ओळखा, असले शब्दांचेच खेळ असायचे आणि ते इतके सोपे असायचे की आमचे सर तेव्हाही वैतागायचे. पण त्या सोप्या प्रश्नांमुळेच ज्याला पुढचं काही येणार नाही असा माणूसही खुर्ची ओढून बसायचा. पाचव्या प्रश्नापर्यंत तो खेळात पुरता अडकलेला असे. 2017 पासून त्यांनी मोबाइलवर, घरी बसून, त्याच वेळी उत्तर द्यायची सोय केली. घराघरांत जे वर्षानुवर्षं चाललं होतं, त्याची उशिरा का होईना नोंद घेतली गेली.

बाहेरच्या देशांतले शब्दांचे कार्यक्रम मी इंटरनेटवर पाहते, कारण कोडी काढणाऱ्याला ती कशी रचलीत हे बघायची सवयच लागते. अमेरिकेत 'व्हील ऑफ फॉर्च्यून' जानेवारी 1975 मध्ये सुरू झालं. रिकाम्या चौकटी, एकेक अक्षर मागायचं आणि वाक्य ओळखायचं. शेवटच्या फेरीत स्पर्धकाने पाच व्यंजनं आणि एक स्वर मागायचा असे. लोक हळूहळू हुशार झाले. इंग्रजीत जास्त वेळा येणारी अक्षरं कोणती, हे सगळ्यांना कळलं आणि जो तो आर, एस, टी, एल, एन आणि ई हीच सहा मागू लागला. मग 1988 साली कार्यक्रमाने ती सहाही अक्षरं आधीच देऊन टाकली, वर तीन व्यंजनं आणि एक स्वर मागायला सांगितलं, आणि वेळ पंधरा सेकंदांवरून दहावर आणली. मला हे फार आवडलं. खेळणारा शिकतो म्हणून काढणाऱ्यालाही पुढे सरकावं लागतं. पाच वर्षांपूर्वी साताऱ्यात जे कोडं अवघड होतं ते आज अवघड राहत नाही, कारण तोच प्रेक्षक तसली शंभर कोडी बघून बसलेला असतो. तेव्हा 'योग्य अवघडपणा' नावाचं माप एकदा ठरवून कपाटात ठेवता येत नाही, दरवर्षी नव्याने काढावं लागतं.

पण माझा सगळ्यांत लाडका कार्यक्रम ब्रिटनचा, 'काउंटडाउन'. 2 नोव्हेंबर 1982 ला चॅनेल फोर ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्यावर लागलेला पहिला कार्यक्रम हाच. मूळ कल्पना फ्रान्सची, तिथे असा खेळ 1965 पासून चालत आलेला. स्पर्धक स्वर आणि व्यंजनं मागत जातो, नऊ अक्षरं फळीवर लागतात आणि तीस सेकंदांत त्यातून जास्तीत जास्त लांबीचा शब्द बनवायचा. जितकी अक्षरं तितके गुण, आणि नऊच्या नऊ वापरली तर दुप्पट, म्हणजे 18. याचा उंबरा ठेंगणा आहे आणि माळवद उंच आहे. शाळकरी पोरगं चार अक्षरांचा शब्द करून खूश होतं, प्राध्यापक सात अक्षरांवर येऊन अडतात, आणि एखादाच पठ्ठ्या नऊ अक्षरं गाठतो. फळी सगळ्यांना तीच आणि वेळही तेवढीच. कुणालाही 'तुझ्यासाठी नाही' असं सांगितलं जात नाही. अवघड किती करायचं हा प्रश्न इथे काढणाऱ्याने सोडवलेलाच नाही, बघणाऱ्याच्या हाती दिलाय.

हे मराठीत जसंच्या तसं आणता येईल का? मी खूप दिवस त्याच्यामागे लागले होते आणि या खटपटीत आपल्या लिपीबद्दल जे कळलं ते सांगायला मला कुणीही कधीही उठवावं.

आपली अक्षरं काना-मात्रेसकट येतात. अक्षरांची सरमिसळ करून शब्द ओळखायला दिला, तर तीन अक्षरांच्या शब्दाच्या 6 मांडण्या होतात, चारच्या 24, पाचच्या 120. इंग्रजीतल्या नऊ वेगवेगळ्या अक्षरांच्या होतात 3,62,880. बरं, आपल्या काही अक्षरांना लपता येत नाही. 'ळ' आणि 'ण' यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे सरमिसळीत 'ळ' दिसला की तो पहिला नाही, हे फुकटात कळतं. 'णे' दिसलं की ते शेपटाला जाणार, हे पाचवीतला मुलगाही सांगतो. 'इ' किंवा 'उ' पूर्ण आकारात आले, तर बहुतेक वेळा तेच पहिले. 'ढे दी पे कं' असं लिहून दाखवलं, तर साताऱ्यातलं पोर फळा पुसायच्या आत 'कंदी पेढे' म्हणून मोकळं होईल. अशी सरमिसळ टीव्हीवर दाखवली की आमचे सर म्हणतात ते खरं ठरतं. कोडं संपतं आणि घड्याळ उरतं.

मग मी उलटं करून पाहिलं. ब्रिटनमध्ये 'ओन्ली कनेक्ट' नावाचा आणखी एक कार्यक्रम आहे, 2008 साली सुरू झालेला. त्याच्या शेवटच्या फेरीत शब्दांतले स्वर काढून टाकतात आणि उरलेल्या व्यंजनांवरून उत्तर ओळखायचं असतं. आपल्याकडे तसंच करायचं म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार सगळं पुसायचं. मी फळ्यावर लिहिलं: 'सतर'. वर्गाने आठवडी बाजार भरवला. कुणी म्हणालं सातारा, कुणी सुतार, कुणी सतार, कुणी सतरा. सगळी बरोबर. मात्रा लावून ठेवल्या की कोडं आपोआप सुटतं आणि काढून टाकल्या की एकाची चार उत्तरं होतात. मराठीत शब्दकोडं काढणाऱ्याने या दोन टोकांच्या मधे जागा शोधायची असते.

'ओन्ली कनेक्ट'मध्ये शब्द दाखवायच्या आधी त्याचा प्रकार सांगतात. ती युक्ती मराठीला अगदी चपखल बसते. 'सतर' लिहायचं आणि म्हणायचं, गाव. सातारा. पुन्हा तोच 'सतर' ठेवायचा आणि म्हणायचं, कारागीर. सुतार. मग म्हणायचं, संख्या. सतरा. तीच तीन अक्षरं दर खेपेला नव्याने वाचावी लागतात आणि बघणाऱ्याला त्यात गंमत वाटते. 'करड'चंही तसंच आहे. गाव म्हटलं की कराड, रंग म्हटलं की करडा, शेळीचं पिल्लू म्हटलं की करडू. 'पलस' मी मुद्दाम सांगली जिल्ह्यासाठी राखून ठेवलाय. पलूस आणि पोलीस! वाद्य म्हटलं तर मात्र काढणाऱ्याने सावध राहायचं, कारण 'सतार' म्हणणारा जितका बरोबर तितकाच 'सितार' म्हणणाराही. दोन्ही उत्तरं आधीच कागदावर लिहून सूत्रसंचालकाच्या हातात द्यावी लागतात. नाहीतर मंचावर भांडण ठरलेलं, आणि त्यात चूक स्पर्धकाची नसते. जोडाक्षर फोडायचं की अखंड ठेवायचं, अनुस्वार पुसायचा की राहू द्यायचा, हेही फेरी सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगायला हवं. मी अनुस्वार ठेवते. 'संगल' वाचताना सांगली जरा लवकर सापडते, पण तो पुसला तर उच्चारातलं एक हाडच काढून घेतल्यासारखं होतं, ते मला पटत नाही.

आता या सगळ्याची कसोटी. गेल्या गणपतीत केबल चॅनेलने एका मंगल कार्यालयात कार्यक्रम घेतला. सासू-सुनांच्या जोड्या, समोर आळीतली तीनेकशे माणसं. माझ्या आधीची फेरी दुसऱ्या कुणी काढलेली. मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: 'ढ व्य किं मू र्त क'. तीस सेकंद सगळं सभागृह पडद्याकडे बघत राहिलं. उत्तर आलं, किंकर्तव्यमूढ, म्हणजे काय करावं ते न सुचलेला. एकाच्याही तोंडून हुंकार निघाला नाही. मागच्या रांगेतली माणसं चहाची चौकशी करायला उठली. शब्द सुंदर आहे, शुद्ध आहे, मी दहावीला शिकवते. पण त्या शब्दाला तिथे बसलेल्यांच्या तोंडात जागा नव्हती, आणि ज्याला तोंडात जागा नाही त्याला सरमिसळीतून कुणी कसं ओळखणार?

मग माझं कोडं वाचलं गेलं. 'तीन अक्षरांचा जीव माझा. पहिलं खोडाल तर अंगाला चिकटेन. मधलं खोडाल तर पोटात उठेन. काहीच नाही खोडलं तर देवाच्या पायाशी बसेन.' मंचावर हिरव्या साडीतल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी डोळे मिटले नाहीत की वर बघितलं नाही. डाव्या मनगटावर उजव्या हाताचा अंगठा घासला, आंघोळीला बसल्यावर घासतात तसा. ओठ हलले: मळ. मग बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत त्या मळाच्या पुढे एकेक अक्षर लावून बघायला लागल्या. समोरच्या रांगेतला एक मुलगा तेवढ्यात 'पोटात काय उठतं गं?' असं आईला विचारत होता आणि आई म्हणाली, 'कळ'. तिकडे बाईंचा अंगठा पेरावर थांबला. इकडे मुलगा ताडकन उभा राहिला. बाई आणि तो मुलगा एकदमच म्हणाले, 'कमळ!' सूत्रसंचालकाचा हात घंटीवर होता, तो तसाच राहिला. सभागृहातून जो आवाज उठला त्यात माणसांनी एकमेकांना कोपरं मारून 'मी म्हणणारच होते' असं सांगणंही होतं. कमळ हा शब्द पहिलीच्या पुस्तकात असतो. सरांना मी हे सांगितलं. शब्द पहिलीतला होता आणि मंगल कार्यालयातली सगळी माणसं पंचवीस सेकंद त्याच्यासाठी वाकून बसली होती.

'वर्डल' नावाच्या, पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायच्या मोबाइलवरच्या खेळामागेही हेच आहे. जॉश वॉर्डल या माणसाने तो बनवला, 2021 मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000. ते सगळे उत्तरासाठी वापरायचे म्हटले तर माणसं कंटाळून सोडून जातील, म्हणून त्याची जोडीदार पलक शाह हिने ती यादी चाळली आणि ओळखीचे असे 2,500 च्या आसपास शब्द ठेवले. खेळणाऱ्याने अंदाज करताना कुठलाही अवघड शब्द टाकावा, मुभा आहे. उत्तर मात्र ओळखीतलंच निघणार. पुढे जगभर तो खेळ पसरला आणि जानेवारी 2022 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. त्या चाळणीवर जितकी मेहनत झाली असेल तितकी मेहनत आपल्याकडे शब्दांच्या यादीवर कुणी करतं का, असा विचार माझ्या मनात येतो.

अवघडपणा हाताबाहेर गेला की काय होतं, याचा एक जुना दाखला अमेरिकेतला. सप्टेंबर 1956 मध्ये 'ट्वेंटी वन' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या भागात सगळं प्रामाणिकपणे झालं आणि भाग सपशेल पडला, कारण प्रश्न इतके अवघड की दोन्ही स्पर्धकांना धड उत्तरंच येईनात. जाहिरातदार संतापला. निर्मात्यांना दोन रस्ते होते, प्रश्न नीट करायचे किंवा माणसं पढवायची. त्यांनी माणसं पढवली. हर्बर्ट स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला, स्वतःच्या आवडत्या चित्रपटाचं नाव येत असूनही, चुकीचं उत्तर द्यायला लावलं आणि चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या प्राध्यापकाला जिंकवलं. 1959 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सगळं उघड झालं आणि 1960 मध्ये असल्या लबाडीविरुद्ध कायदा आला. ही हकिगत लबाडीची म्हणून सांगतात. मला तिची सुरुवात महत्त्वाची वाटते. प्रश्न काढणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी समोरच्या माणसाचा अंदाज घेतला असता, तर पढवण्याची पाळी आली नसती.

आणि सोपेपणा? तोही एका मर्यादेपलीकडे गेला की मला त्याची भीती वाटते. मध्यंतरी रात्री उशिरा काही वाहिन्यांवर असे कार्यक्रम लागायचे. पडद्यावर 'गु_ब' लिहिलेलं, बाजूला नोटांचं बंडल, आणि एक मुलगी हातवारे करत सांगतेय, लवकर फोन करा, अजून कुणालाच उत्तर आलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या एका ताईंनी फोन लावला आणि त्या ताटकळत राहिल्या. मिनिटामिनिटाला पैसे कापले जात होते. मोबाइलमधला सगळा बॅलन्स गेला, गुलाब मनातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन म्हणाल्या, 'मॅडम, मला उत्तर येत होतं हो.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पैशांचं नव्हतं. इतकं सोपं कोडं ज्ञान तपासत नसतं, ते माणसाला फोनपर्यंत ओढून आणत असतं. ब्रिटनमध्ये याच प्रकारावरून मोठा गदारोळ झाला आणि अशा खेळांना वाहिलेली 'आयटीव्ही प्ले' वाहिनी 2007 मध्ये बंद पडली. तिथे 'बाईच्या पर्समध्ये काय काय असतं?' या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत माकडटोपी आणि भिंतीत स्क्रू पक्का बसवायचे प्लग निघाले होते. वरून सोपं आणि आतून अशक्य. यापेक्षा किंकर्तव्यमूढ शंभर पटींनी बरं, ते निदान प्रामाणिक आहे.

आमचे सर मात्र एका मुद्द्यावर अडून बसतात. म्हणतात, 'ज्या जिल्ह्यात वाईला विश्वकोश तयार झाला त्या जिल्ह्यातल्या चॅनेलवर कमळ-बिमळ?' विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते काम वाईत बसून उभं केलं, याचा मलाही सरांइतकाच अभिमान आहे. पण जगातलं सगळं ज्ञान मराठी माणसाला मराठीत वाचता यावं म्हणूनच तर तो खटाटोप होता. शब्द उंचावर ठेवायचे असते तर संस्कृत होतीच की.

सरांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. कोडी मुंबई-पुण्यात बसून निघतात आणि जातात अख्ख्या महाराष्ट्रात. जुन्या लुगड्यांची शिवून केलेली पांघरायची वस्तू, चार अक्षरांत सांगा, असं एकदा विचारलेलं मी ऐकलं. काढणाऱ्याच्या मनात होतं 'गोधडी', आणि तीही तीनच अक्षरांची निघाली, तो गोंधळ वेगळाच. पण आमच्या आत्याबाईंना गोधडी आठवलीच नाही. त्या 'वाकळ, वाकळ' म्हणून ओरडत राहिल्या. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे वाकळच म्हणतात. तसंच कोथिंबिरीचं. नागपूरकडची बाई तिला सांबार म्हणते आणि स्वयंपाकघरात आयुष्य काढूनही तिचं उत्तर चूक ठरतं. शब्द येत असताना चूक ठरणं, हे शब्द न येण्याहून जास्त लागतं. मोठ्या वाहिन्यांनी कोड्यांची यादी चंद्रपूर, परभणी, जत, सावंतवाडी अशा चार दिशांच्या चार माणसांना आधी दाखवावी, एवढं मला मनापासून वाटतं. एकालाही शब्द परका वाटला तर तो गाळायचा किंवा दोन्ही उत्तरं धरायची. खर्च काहीच नाही.

गणपतीच्या आरतीनंतर मंडपात बसलेल्या मुलांना मी व्यास-गणपतीची गोष्ट सांगते. भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ती मुख्य संहितेत घेतलेली नाही, पण मंडपात ती गोष्ट हवीच. गणपतीने अट घातली, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आणि मधे मधे त्यांनी कूट श्लोक पेरले, 8,800 म्हणतात. गणपती अर्थ लावायला क्षणभर थांबायचा, तेवढ्यात व्यास पुढचे श्लोक मनात रचून घ्यायचे. मुलं विचारतात, मग गणपती हरला का? कधीच नाही. त्याला प्रत्येक श्लोक सुटला. त्याची लेखणी पुन्हा चालू व्हावी, इतपतच अवघड ते श्लोक होते. महाभारत पुरं करायचं होतं ना.

यंदा चॅनेलने माझ्याकडे एक खास अवघड फेरी मागितली आहे, शेवटच्या दिवसासाठी. मी हो म्हटलंय, दोन अटींवर. पहिली, फेरीतला प्रत्येक शब्द आधी आत्याबाईंना सांगून बघणार. त्यांना अर्थ माहीत नसलेला एकही शब्द त्यात राहणार नाही. दुसरी, वेळ संपून उत्तर दाखवलं की लगेच पुढच्या कोड्यावर उडी मारायची नाही. सूत्रसंचालकाने फळ्यापाशी जाऊन, कुठलं अक्षर कुठे बसलं, मळ कुठून आला, कळ कुठून आली, हे बोट ठेवून दाखवायचं. ज्याला जमलं नाही त्याला वाट दिसली पाहिजे, म्हणजे पुढच्या कोड्याला तो पुन्हा पुढे सरकून बसेल. पहिली अट त्यांनी हसत मान्य केली. दुसरीत जाहिरातीची वीस सेकंदं जातात म्हणे. बोलणी चालू आहेत, आणि ती वीस सेकंदं मी सोडणार नाही.